तळ्यामागची वाट

वैशाखातल्या दुपारी सोलापुरात घराबाहेर पडणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर गिरणीतला कारकून. मी कारकून होतो. तरी मधल्या सुट्टीत कचेरीतल्या पंख्याखाली डबा खाऊन पडून राहता आलं असतं. पण चौतीस सालच्या त्या उन्हाळ्यात मला रोज दुपारी साखर पेठेतल्या आमच्या खोलीवर जावंच लागे.

माझी बायको सरोजिनी तापानं अंथरुणाला खिळली होती. इतकी वाळली होती, की हात उचलला तर बांगड्या कोपरापर्यंत घसरत. डॉक्टर म्हणाले होते, पोटात अन्न जात राहिलं तरच ही उन्हाळा काढेल. शेजारच्या ईरम्मा पेज करून ठेवून विड्या वळायला जात. ती पेज दुपारी मी भरवायची. दुसऱ्या कुणाच्या हातून सरोजिनी खात नसे.

अडचण रस्त्याची होती. भोंगा झाला की साऱ्या गिरण्यांची माणसं एकदम बाहेर पडत. त्यांत कापसाच्या गाड्या, टांगे आणि नुसता भोंपू वाजवायच्या हौसेपायी घेतलेल्या दोन-चार मोटारी. सायकल हातात धरून चालावं लागे, टोपीतून घाम गळे, आणि घरी पोचेपर्यंत सुट्टी संपत आलेली असे. शेवटी मी किल्ल्याला वळसा घालून तळ्यामागून जाणारी एक वाट धरली. दोन्ही बाजूंना कडुनिंब, चिटपाखरू नाही. लांबची असूनही मी त्या वाटेनं लवकर पोचलो. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं.

सरोजिनीनं त्या दुपारी अर्धी वाटी पेज खाल्ली. दुसऱ्या दिवशी सगळी. मग ती उशीला टेकून बसू लागली. एकदा तर मी जोडे काढून आत आलो, तिच्याशी दोन शब्द बोललो, आणि त्यानंतर गिरणीचा मधली सुट्टी सुरू झाल्याचा भोंगा ऐकू आला. गिरणीचं घड्याळ मागे पडलं असेल, असं म्हणून मी हसलो. माझं घड्याळ सहसा चुकत नाही, पण ते मात्र मी पाहिलं नाही.

संध्याकाळी औषध घ्यायला बाजारातून यावं लागे, म्हणून तेव्हा मोठाच रस्ता. संध्याकाळी सरोजिनी निपचित पडलेली असे. दुपारी बसणारं माणूस संध्याकाळी कूससुद्धा वळवत नाही, याला मी चढता ताप म्हणत होतो. एकदा तिनं डोळे न उघडताच विचारलं, "आज आला नाहीत?"

"आलो होतो की. तू सगळी पेज संपवलीस."

दुसऱ्या दिवशी ईरम्मांनी मला जिन्यात गाठलं.

"अण्णा, बाई काय खातच न्हाईत. पेज रोज टाकून देते मी."

"माझ्यासमोर खाते, ईरम्मा."

"दुपारचं येताव तुमी?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पदर सावरत खाली गेल्या. मला राग आला. माझी बायको बरी होत होती आणि ते कुणाला पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळ्यामागून जाताना कडुनिंबाची सावली इतकी गार होती, की अंगावर काटा आला. किती वेळ लागला, सांगता येत नाही. लागलाच नाही म्हणा.

खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्याशी सरोजिनी उभी होती.

उभी. हिरव्या लुगड्यात, अंग भरलेलं, बांगड्या मनगटात घट्ट बसलेल्या. मला हुंदका आला. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तिनं चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला.

"कोण पाहिजे?"

आतून कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं?"

आवाज माझा होता.

"कुणी वाटसरू दिसताहेत. उन्हातून आलेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बसा. मालक जेवताहेत."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. बशीत गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या परक्या माणसाला देतात तसं गूळपाणी तिनं माझ्यापुढे ठेवलं. घरच्या माणसापुढे असं कुणी ठेवत नाही.

मी खडा तोंडात टाकला. पाणी प्यायलो. माझं पिऊन होईपर्यंत ती नजर खाली घालून उभी होती.

मग तिनं दार लोटलं. आतून कडी लागली.

मी सायकल वळवली ती थेट मोठ्या रस्त्याला. गाड्यांतून, माणसांतून, शिव्या खात वाट काढत पुन्हा घरी आलो. आमच्या जिन्यात बायका जमल्या होत्या. मला पाहून त्या बाजूला झाल्या.

ईरम्मा सरोजिनीच्या उशाशी बसल्या होत्या. "आज मी कामावर गेलेच न्हाय," त्या म्हणाल्या. "बाईंनी लई वाट बघितली हो तुमची."

"जाताना काही बोलली?"

"निजून हुत्या. येकदम दाराकडं बघितलं आन् म्हणाल्या, कोण तरी उन्हातनं आलंय, त्यास्नी गूळपाणी द्या. मी बघितलं की. दारात कोण बी न्हवतं."

मी खाली बसलो. तोंडातला गूळ अजून विरघळायचा होता.