हवा भरून मिळेल

दुकानात येणारी माणसं दोन प्रकारची असतात, असं वहिनीचं मत होतं. एक प्रकार मास्क लावून बघतो, फिन्समध्ये पाय घालून बघतो, वेटसूटची चेन ओढून आरशासमोर पोट आत घेतो आणि "विचार करून सांगतो हं" म्हणत पायऱ्या उतरला की लगेच फोनवर तीच वस्तू मागवतो. दुसऱ्या प्रकाराला पायऱ्या उतरण्याचीही लाज नसते. तो काउंटरला रेलून, तिच्याच समोर, तिच्याच दुकानातल्या सूटवरचा नंबर फोनमध्ये टिपतो.

तिचे भावजी या दुसऱ्या प्रकारातले होते. सख्खा दीर. बोलणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ.

बंदराच्या रस्त्यावर हे डायव्हिंगचं दुकान ती आणि तिचा नवरा बावीस वर्षं चालवत होते. नवरा होडीवरून लोकांना समुद्रात घेऊन जाई, ती दुकान आणि मागच्या खोलीतला कॉम्प्रेसर सांभाळी. भावजी वहिनी म्हणत, म्हणून हळूहळू सगळा रस्ताच तिला वहिनी म्हणू लागला. भावजींनी पन्नाशीत नोकरी सोडली आणि त्यांना पाण्याखाली जायची हौस आली. तलावात भावाकडून फुकट चार धडे घेतले. पाचव्या धड्याआधी घरी खोकं आलं. सूट, जाकीट, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर, मास्क, फिन्स आणि सिलिंडर, सगळं एकाच ऑफरमध्ये.

"दुकानात विचारायचं तरी होतं, भावजी."

"वहिनी, तुमच्याकडे महाग पडतं. आणि शिवाय घरपोच."

"बरं झालं. आता हवाही घरपोच मागवा."

ते हसले आणि त्यांनी रिकामा सिलिंडर काउंटरवर ठेवला. हवा काही खोक्यातून येत नाही. दुकानाच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळच काय ती आता दुकान चालवत होती: हवा भरून मिळेल.

तिनं सिलिंडरवरचे शिक्के वाचले, व्हॉल्व्ह काढून आत बॅटरी मारली. आत कोरं, गंज नाही, ओल नाही. वाईट बोलायला काही सापडलं नाही म्हणून तिला जरा रागच आला. तिनं काटा दोनशेवर येईपर्यंत हवा भरून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी परत हजर. सिलिंडर रिकामा.

"काल भरलात की नाही नक्की?"

तिनं सिलिंडर पाण्याच्या टाकीत बुडवून बघितला. एक बुडबुडा नाही. पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिनं तो दुकानातच ठेवून घेतला. दाब मोजायचा गेज लावून दोन दिवस काउंटरशेजारी उभा होता, काटा तसूभर हलला नाही. भावजी घरी घेऊन गेले, आणि सकाळी फोन आला.

"वहिनी, संपली."

"व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल."

"मी काय लहान आहे का?"

"रेग्युलेटर लावून ठेवता का?"

"लावूनच ठेवतो. छान दिसतं."

वहिनीनं कपाळाला हात लावला. इथवर हे घरातलं घरात होतं. पण भावजींनी डायव्हिंगवाल्यांच्या फोनवरच्या गटात लिहून टाकलं: घरच्याच दुकानात हवा भरली, रात्रभरही टिकत नाही. नावं घेतली नव्हती, पण गावात हवा भरणारं दुकान एकच. त्या आठवड्यात तीन जणांनी सिलिंडर भरायला दुसऱ्या बंदरावर नेले. चौथा निदान येऊन विचारून गेला, "वहिनी, कॉम्प्रेसरमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

त्या दिवशी सकाळीच भावजी सिलिंडर पुन्हा भरून घेऊन गेले होते. तिनं दुकान अकरालाच बंद केलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि भावजींचं घर गाठलं.

दार धाकट्या जावेनं उघडलं. तिचे डोळे तारवटलेले होते. "या बाई, घेऊन जा ते सामान एकदाचं. त्या खोलीतून सारखा फुस्स फुस्स आवाज येतो. हे म्हणतात, पाइप असेल. कुठला पाइप? त्या भिंतीत पाइपच नाही."

सामानाची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. खिडकी नाही, एक दिवा, भिंतीला लोखंडी मांडणी आणि जुन्या बॅगा. समोरच्या दांडीवर हँगरला काळा सूट लटकत होता. खाली सिलिंडर जाकिटाला बांधून उभा केलेला, फिन्स त्याच्यापुढे जोडीनं ठेवलेले. कुणी माणूस कपड्यांतून निघून गेला असावा अशी ती मांडणी होती. रेग्युलेटरची नळी वर सुटाच्या गळ्यापर्यंत नेऊन, माउथपीस हँगरच्या आकड्यात अडकवलेला होता.

"हे असं तुम्ही टांगलंत?" वहिनीनं विचारलं.

"माउथपीस? नाही बुवा." भावजी दारातूनच म्हणाले. "हिनं केलं असेल."

"मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही," धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली.

वहिनी गुडघ्यांवर बसली. व्हॉल्व्ह जेमतेम उघडा होता, पाव फेरासुद्धा नाही. "हे बघा. म्हणे मी लहान आहे का." तिनं जाकिटावरून गेज उचलला. काट्याशी तिचं बोट थबकलं.

काटा एकशे दहावर होता. तो ऐंशीपर्यंत घसरला. मग सावकाश वर चढून पुन्हा एकशे दहावर आला.

नळी गळत असेल तर काटा एकाच दिशेनं, खाली जातो. खाली जाऊन वर येणारा काटा तिनं बावीस वर्षांत पुष्कळदा बघितला होता. नवखे लोक व्हॉल्व्ह पुरता न उघडता पाण्यात उतरायला निघाले की असं होतं. माणूस श्वास घेतो, काटा पडतो. श्वास सोडतो, काटा सावरतो.

ऐंशी. एकशे दहा.

तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मिनिटाला सहा वेळा. शांत झोपलेल्या माणसापेक्षाही संथ.

"गेज खराब निघाला ना?" भावजींच्या आवाजात आशा होती. "बदलून देतील. पॉलिसी आहे त्यांची."

तिनं पिशवीतून स्वतःचा गेज काढला, दुसऱ्या नळीवर चढवला. तिचा काटाही पडला आणि सावरला. दोन्ही काटे एका वेळी.

आता भावजी आत आले होते. तिच्या खांद्यावरून ते बघत होते आणि बोलत नव्हते. त्यांचं बोलणं बंद व्हावं म्हणून ती वर्षानुवर्षं तळमळली होती. आता तिला वाटलं, काहीतरी बोला हो.

तिनं व्हॉल्व्ह बंद केला.

काटा पडला. सत्तर. परत वर आला नाही.

पुन्हा ओढ. तीस.

पुन्हा. शून्य.

खोलीत काही वाजलं नाही. मग हँगरचा आकडा दांडीवर किंचित घासला.

पुन्हा घासला, जोरात. सूट हलत नव्हता. नुसता हँगर खाली ओढला जात होता. दांडी मधोमध वाकायला लागली.

"वहिनी," भावजी म्हणाले.

तिनं व्हॉल्व्ह उघडला. पूर्ण. दांडी सरळ झाली. माउथपीसमधून एक लांब फुस्स आलं, मग लगेच दुसरं, तिसरं. मग हळूहळू संथ.

बाहेरच्या खोलीत बसून भावजींनी त्या ऑनलाइन कंपनीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडची मुलगी उंटावरून शेळ्या हाकत होती.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर. आपण वस्तू पाण्यात वापरली आहे का?"

"नाही हो. एकदाही नाही."

"मग दुसऱ्या कुणी वापरली आहे का?"

भावजींनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं धाकटीकडे.

"हॅलो? सर, मी 'नाही' असं लिहू का?"

"लिहा," धाकटी म्हणाली.

"परवा आमचा माणूस खोकं न्यायला येईल. मात्र सिलिंडर पूर्ण रिकामा करून द्यावा लागेल. हवा असलेला सिलिंडर आम्ही स्वीकारत नाही."

फोन ठेवल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, तेवढा रिकामा करून द्या ना. तुमच्या हाताला सवय आहे."

"मला सवय हवा द्यायची आहे," ती उठत म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडची हवा काढून घ्यायची नाही. पाण्याखालचा पहिला नियम आहे तो."

"पण इथं पाणी कुठंय?"

ती पिशवी घेऊन निघून आली. हवा भावजींनीच काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर सगळं सांगितलं, अगदी नेहमीच्या सुरात. व्हॉल्व्ह उघडून माउथपीसचं बटण दाबून धरलं, दहा-बारा मिनिटं लागली. सुटाची घडी घालताना जरा त्रास झाला, पण बसला खोक्यात. खोकं गेलं. गटावरचा मजकूरही त्यांनी आपण होऊन पुसला आणि लिहिलं की दोष गेजचा होता. नेलेले सिलिंडर एकेक करून वहिनीकडे परत आले. तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो हसला असता, आणि तेही तिला सहन झालं नसतं.

तीन आठवड्यांनी ती भावजींकडे गेली. धाकटीनंच बोलावलं होतं, सहज, चहाला.

खोलीतून आवाज येत नव्हता. फक्त सामानाच्या खोलीचं दार हलत होतं. अंगठ्याएवढं आत जाई, थांबे, परत चौकटीला टेके. पुन्हा आत.

"कडी सैल झाली आहे," भावजी म्हणाले. "नवीन मागवली आहे. उद्या येईल."

"कुठून मागवली?" वहिनीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

ते हसले, आणि हसता हसता त्यांना जांभई आली. धाकटी कप घेऊन आली, तिनंही दिली. "काय झालंय कळत नाही बाई. दिवसभर नुसत्या जांभया. डॉक्टर म्हणतात, रक्त चांगलं आहे. या खोलीत बसलं की डोकं जड होतं बघा."

वहिनीनं दाराकडे न बघता चहा संपवला. मग तिचाही जबडा आपोआप उघडला. मोठी, पोटातून आलेली जांभई, आणि तरी छाती काही भरल्यासारखी वाटेना.

"कोंदट आहे हो इथं," ती म्हणाली आणि खिडकी उघडायला उठली.

खिडकी उघडीच होती. बाहेर झाडं वाऱ्यानं हलत होती, आणि पडदा, दाराच्याच लयीत, आत सामानाच्या खोलीकडे ताणला जात होता.