विसाव्याचे क्रूस

शेगडीवर पिन्योन पाइनच्या बिया तडतडत होत्या. सेनाइदानं फोन कासिल्दोकाकांच्या नाकासमोर धरला. फोनमध्ये क्रूस कोरलेला एक दगड.

"काका, स्पॅनिश लोकांनी सोनं पुरून केलेली खूण आहे ही. लांब हात डोंगराकडे आहे बघा. जायचं का उद्या?"

"आधी तो खाली ठेव," काका म्हणाले. "आणि माझ्या शेजाऱ्याचं, लिब्रादोचं ऐक. घडलं तेच सांगतो, पदरचं काही नाही."

मागच्या वर्षी, नोव्हेंबरची पहिली रात्र. दुसऱ्या दिवशी मृतांचा सण. सगळं गाव आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावणार. लिब्रादोच्या बायकोला, एउफेलियाला मात्र मेणबत्ती लावायला थडगंच नव्हतं. त्यांचा मुलगा तोबियास चार वर्षांपूर्वी डोंगरात गेला, तो गेलाच. गावानं सगळं रान पालथं घातलं. पोराचा बूटसुद्धा मिळाला नाही. तरी त्या दिवशी तिनं सणाच्या पावाची कणीक मळायला घेतली आणि नवऱ्याला जळण आणायला पिटाळलं.

लिब्रादोची हयात त्या डोंगरावरच्या, पुरलेल्या सोन्याच्या खुणा वाचण्यात गेलेली. दगडात कासव कोरलेलं दिसलं की त्याचं डोकं कुठं वळलंय ते बघायचं. क्रूसाचा एक हात लांब असला की वाट तिकडं. चारी हात सारखे असले की थांबायचं, इथंच आहे. पोराला अक्षरओळखीच्या आधी हे शिकवलेलं. मग एक दिवस बाप-लेकाचं वाजलं, आणि बाप बोलून गेला, "रिकाम्या हातानं घरी येऊ नकोस." तोबियासनं छिन्नी उचलली आणि चालता झाला.

तर त्या संध्याकाळी लिब्रादो चढावर जळण गोळा करत होता. ओढ्याकाठच्या दगडावर क्रूस दिसला. ताजा. चिरांत दगडाची पांढरी भुकटी तशीच. थोडं वर दुसरा. गंधसरूच्या बुडाशी तिसरा. सगळ्यांचा लांब हात डोंगराकडं. जळण तिथंच टाकून गडी धापा टाकत घरी आला.

"पहार कुठाय? एउफेलिया, सापडलं! तीन क्रूस!"

"आणि जळण?"

"जळणाचं काय घेऊन बसलीस!"

कुठं कुठं दिसले ते त्यानं सांगितलं, तशी तिचे हात कणकेत थांबले.

"ते सोन्याचे नाहीत. विसाव्याचे आहेत. शवपेटी टेकवून खांदेकरी दम घेतात ना, तिथले. तुझ्या बापाला नेताना तूच कोरलेस की."

"विसावे देवळापासून कब्रस्तानापर्यंत असतात, बाई. डोंगरातून कुणाची पेटी उतरणार?"

तिनं हातांची कणीक खरवडून काढली.

"सोन्यानं डोळे गेलेत तुझे," ती म्हणाली. "जा. मी दारात बसते."

तिनं मेणबत्ती पेटवली आणि उंबऱ्याच्या दगडावर बसली.

वर गाडी जात नाही. बॅटरी, पहार, घोंगडी घेऊन तो एकटाच चढला. तिसऱ्या क्रूसापुढं कडा लागला. कड्याखाली एक शिळा कोसळून पडलेली. चारी हात सारखे असलेला क्रूस त्यानं शोध शोध शोधला. नव्हता. तरी शिळेखाली पहार घातली. शिळा सरकली.

आत बूट होता.

मग एउफेलियानं विणलेली टोपी. मग हात... हाताची हाडं, आणि हाडांत गंजलेली छिन्नी.

पोराला लिब्रादोनं घोंगडीत गुंडाळलं, लहानपणी निजलेलं उचलायचा तसं उचललं. छिन्नी तिथंच राहिली. काय ते वजन असणार? पिशवीभर हाडं. पण गंधसरूपाशी आला आणि खांदा मोडल्यासारखा झाला. ओझं टेकवावंच लागलं. बॅटरीचा झोत टाकला. खाली क्रूस.

तो तिथं बसला. तेव्हा आवाज आला. पुढं, खाली, घराच्या बाजूला.

ठक... ठक...

छिन्नीचा.

"तोबियास?"

आवाज थांबला.

उचललं. चालला. पाय गेले. टेकवलं. दुसरा क्रूस. पुन्हा ठक... ठक... आणखी खाली.

ओढा. टेकवलं. पहिला क्रूस.

"रिकाम्या हातानं ये रे, पोरा," बाप म्हणाला. "रिकाम्या हातानं ये..."

तिथून पुढं ओझं हलकं झालं. पार हलकं.

दारात मेणबत्ती तेवत होती. एउफेलिया तशीच बसलेली. घोंगडी बघितली आणि तिनं हात पुढं केले.

"तू आवाज ऐकलास?" त्यानं विचारलं.

"कसला? मी तर इथून हलले नाही."

पोराला घ्यायला ती उठली. रात्रभर जिथं बसली होती, तो दगड उघडा पडला.

त्यावर क्रूस होता. भुकटी अजून पांढरी.

चारी हात सारखे.