कोपऱ्यातलं गवत

माझी आणि साईनाथची पहिली गाठ पडली ती त्याच्या जेवणाच्या डब्यात.

म्हणजे मी नाही हो पडले डब्यात, माझा चेंडू पडला. शहाडच्या पुढे नदीच्या अंगाला एका हौशी माणसाने माळावर गोल्फच्या सरावासाठी छोटीशी रेंज काढली आहे. ऑक्टोबरची सकाळ होती. होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताला ग्रीन म्हणतात. त्या ग्रीनच्या कडेवरून, वीस पावलांवरच्या होलकडे चेंडू अलगद उडवायचा, एवढंच माझं काम होतं. मी अलगद मारला... आणि चेंडू जमिनीलगत सुसाट सुटला, ग्रीन ओलांडून आंब्याखाली जेवायला बसलेल्या एका तरुणाच्या डब्यात जाऊन रुतला.

"सॉरी, सॉरी, सॉरी!" मी धावत सुटले.

त्याने शांतपणे चेंडू उचलला, बाटलीतल्या पाण्याने धुतला, खांद्यावरच्या टॉवेलला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "जवला आवडतो वाटतं तुमच्या चेंडूला," तो म्हणाला. सुक्या जवळ्याचा 'ळ' त्याच्या तोंडात आपोआप 'ल' झाला होता. डोळे मात्र असे काही हसत होते, की मला हसू दाबावं लागलं.

कारण हसण्यासारखी परिस्थितीच नव्हती. मी ऋजुता, राहणार डोंबिवली, एका शाळेत कंत्राटी पीटी टीचर. ठाण्याच्या एका गोल्फ अकादमीची सहायक कोचची परीक्षा मी दोनदा नापास झाले होते. लांबचे फटके माझे झकास. पण परीक्षेत ग्रीनजवळून वीस चेंडू मारायचे असतात आणि त्यातले चौदा तरी होलभोवतीच्या रिंगणात थांबायला हवेत. माझे नऊ, फार तर दहा. तिसरी संधी शेवटची. बाबांनी स्पष्ट सांगितलेलं, "यावेळी नाही जमलं तर गुपचूप विठ्ठलवाडीला काकाच्या ऑफिसात बसायचं." काकाच्या ऑफिसात खिडकीसुद्धा नाही!

"एक बोलू?" तो म्हणाला. "तुम्ही चेंडू उचलायला जाता. चमच्याने आमटी काढल्यासारखा. मग काठी आधी मातीत तरी घुसते, नायतर चेंडूच्या टाळक्यात बसते."

"तुम्ही कोच आहात?"

"नाय. गवत कापतो इथलं."

"मग गवत कापा ना," मी म्हटलं आणि तरातरा परत आले. हो, आहेच मी जरा फटकळ. आई म्हणते, जिभेला हाड नाही.

पण गंमत बघा, पुढच्या आठवड्यापासून माझे चेंडू उडायला लागले. मी नेहमी एकाच कोपऱ्यातून सराव करायचे. तिथून चेंडू कसा छान वर यायचा, रिंगणात टपकन पडायचा. आधी बारा, मग पंधरा, एकदा तर चक्क सतरा! मी तिथेच नाचले. साईनाथ मशीन थांबवून बघत होता.

"बघितलंत? उचलूनच मारते मी!"

"बघितलं ना," तो म्हणाला आणि उगाच मशीनचं चाक तपासायला वाकला.

मग बोलणं वाढलं. मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी द्यायचे, तो तांदळाची भाकरी द्यायचा. त्याचं घर खडवलीला, आई आणि तो, थोडी भातशेती. लहानपणापासून रेंजवर चेंडू गोळा करता करता खेळ शिकला होता.

"मॅडम, पास झालात की ठाण्याला जाल ना?"

"जाणारच. का हो, चुकल्याचुकल्यासारखं होईल तुम्हाला?"

"मला नाय. जवल्याला होईल..."

मी त्याला पाण्याची बाटली फेकून मारली. ती मात्र बरोबर लागली.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. त्या शुक्रवारी साईनाथ भातकापणीच्या रजेवर होता. मी माझ्या कोपऱ्यात गेले, पहिला चेंडू मारला - माती उडाली. दुसरा - थेट कुंपणापार. वीसपैकी सात! मला घामच फुटला. खाली बघितलं तर गवत पार जमिनीला टेकवून कापलेलं.

रेंजवरचे दुसरे माळी दौलतकाका मशीन पुसत होते. म्हणाले, "आज मी फिरवली हो ताई. साईनाथ या कोपऱ्यावर फिरवूच देत नव्हता. म्हणायचा, मॅडमचा चेंडू जरा वर बसू दे गवतावर."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चेंडू गवताच्या गादीवर बसला, की खालून कशीही काठी घाला, तो उडणारच. मी सुधारलेच नव्हते. आणि परीक्षेत गवत असंच कापलेलं असणार होतं.

मी तडक खडवलीला गेले. स्टेशनजवळ विचारत विचारत शेत गाठलं. तो विळा घेऊन वाकलेला होता, शेजारी त्याची आई, शेवंतीमावशी. मी बांधावरूनच सुरू झाले. "फसवलंस तू मला! दोन आठवडे मला वाटतंय मला जमतंय, आणि तू..." रागाच्या भरात 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, कळलंही नाही.

तो उभा राहिला. चेहरा पार उतरलेला. "डब्यात चेंडू पडला त्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे रडत होतात तुम्ही. मला नाय बघवलं. म्हटलं, चार चेंडू चांगले बसले तर जिवाला बरं वाटेल. मग तुम्ही एवढ्या खूश झालात, की सांगायचं धाडसच नाय झालं. चुकलं माझं."

"नुसतं चुकलं म्हणून माझी परीक्षा होणारे?"

"उद्या साडेसहाला या," तो म्हणाला. "मी येतो."

"आणि हे भात?"

शेवंतीमावशींनी मान वर केली. "भात मी बघतां. त्यानं घान केलीय, तोच निस्तरंल. पोरी, तू आदी पानी पी."

आठ दिवस! आठही दिवस तो उजाडायच्या आत खडवलीहून निघून साडेसहाला हजर असायचा, आणि नऊला परत शेतावर. माझा कोपरा त्याने रोज स्वतःच्या हाताने मशीन फिरवून जमिनीला लावला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवली.

"टॉवेलला काठी लागता कामा नाय. आधी चेंडू, मग जमीन. भार डाव्या पायावर, तो शेवटपर्यंत तिथंच. हात चेंडूच्या जरा पुढे. उचलायचं नाय, चेंडू वर न्यायला काठीचं तोंड तिरकं आहेच."

पहिल्या दिवशी टॉवेलच जास्त उडाला. दुसऱ्या दिवशी मी काठी फेकून दिली. त्याने ती आणून दिली. चौथ्या दिवशी अचानक एक आवाज आला - टक्! स्वच्छ. टॉवेल जागच्या जागी, चेंडू होलच्या वाटेवर.

"हा आवाज! ऐकलास?"

"ऐकला. आता परत. नजर चेंडूवर."

"चेंडूवरच आहे."

"नाय. माझ्यावर आहे."

आई गं... कान असे तापले माझे! पुढचे तीन चेंडू वाया गेले. शनिवारी मी शेतावर गेले आणि दिवसभर भाताचे भारे उचलले. हाताला पाती कापली, कंबर धरली, पण कोणाचं तरी देणं लागतो ही भावना इतकी गोड असू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी ठाण्यात परीक्षा. एकोणीस चेंडू झाले, रिंगणात तेरा. विसावा चेंडू ठेवायला गेले, तर तो घरंगळून थांबला गवत निघून गेलेल्या उघड्या मातीत. परीक्षक उत्तरा मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "उचलून बाजूच्या गवतावर ठेव, आजच्या नियमात बसतं."

मी गवताकडे बघितलं. मऊ, उंच होतं, माझ्या जुन्या कोपऱ्यातल्यासारखं. पण गवतावरून मारताना माझा हात अजून उचलायला बघेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. मातीशी मात्र माझी आठ दिवसांची ओळख होती.

"नको मॅडम. आहे तिथूनच मारते."

भार डाव्या पायावर. टक्! चेंडू उठला, टेकला, घरंगळला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. चौदा. मी भर मैदानात भोकाड पसरलं. उत्तरा मॅडम घाबरल्याच.

घरी फोन केला आणि गोल्फची बॅग खांद्यावर टाकून तशीच खडवलीला गेले. साईनाथ कापलेल्या शेतात उभा होता. मी लांबूनच ओरडले, "चौदा!"

त्याने डोळे मिटले, दोन्ही हात जोडले. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक सांगायचं राह्यलंय. ते गवत... नुसतं तुम्ही रडलात म्हणून नव्हतं ठेवलं. मनात एक चोर होता. नापास झालात तर इथंच येत राहाल, असं एकदा वाटून गेलं. एकदाच. पण वाटलं."

मी बॅग खाली ठेवली. "मग कापलंस कशाला?"

"तुम्ही शेतात येऊन भांडलात ना, तेव्हा कळलं... तुम्ही लांब गेलात तरी चालेल, पण हरून जवळ नको."

माझ्या फटकळ जिभेवर यावेळी भलतंच काही आलं. "थँक्यू, साईनाथ," मी म्हटलं. "खूप खूप. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं. आणि ठाणं काही सातासमुद्रापार नाही. आणि... मला तू आवडतोस. खूप. आता मॅडम म्हणालास तर बघ!"

तो लाल झाला, हसला, डोकं खाजवायला लागला. "ऋजुता," असं एकदा नुसतंच म्हणून बघितलं त्याने. "मला तर तू... पहिल्या चेंडूपासून."

आम्ही दोघं तसेच उभे, चार हातांच्या अंतरावर, पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचेना. तेवढ्यात खळ्यावरून शेवंतीमावशींचा आवाज आला, "मना कवाच म्हायती हाय सगलं! अरे, हात धर तिचा, बांध निसरडा हाय!"

बांध खडखडीत कोरडा होता. पण मोठ्यांचं ऐकावं.