आईच्या किल्लीचं कुलूप

कुलूप शाबूत होतं, त्याला साधा ओरखडाही नव्हता, आणि तरी आईसाठी पाठवलेली पेटी चंद्रावर पोचली तेव्हा तिच्यातला सगळा चिवडा गायब होता. हे कसं झालं असेल? डोकं खाजवून खाजवून शाल्मली थकली होती.

तिची आई चंद्रावरच्या तळावर हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची इंजिनिअर होती. आई तिकडे गेली तेव्हा शाल्मलीचे सगळे दुधाचे दात जागच्या जागी होते. आता पुढचे दोन पडले होते. पडलेला दात कौलावर टाकायचा असतो, पण आईला दाखवल्याशिवाय टाकायला ती तयार नव्हती. पुढच्या मालयानाने तिला ते आईकडे पाठवायचे होते. चिवडा पुन्हा करता येतो. दात कोणी कचरा समजून फेकले तर?

रिकामी पेटी परत आली, तेव्हा आजोबांनी, म्हणजे आईच्या बाबांनी, ती उलटसुलट पाहिली. ते धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारे) होते.

"एवढं थोरलं कुलूप कोणी निवडलं?"

"मीच. दुकानातलं सगळ्यात जड होतं."

"आणि ते अडकवलंस कशात?"

कोयंडा (कुलूप अडकवायची पट्टी) बाहेरून स्क्रूंनी बसवलेला होता. चोराने कुलपाला हातही लावला नव्हता. स्क्रू काढले, चिवडा फस्त केला आणि स्क्रू परत बसवले. शाल्मलीला हसूही आलं आणि रडूही.

आजोबांनी कोयंडा बोल्टने पक्का केला आणि नट पेटीच्या आतून आवळले. मग कपाटाची किल्ली त्या जड कुलपात घालून जराशी हलवली. कुलूप उघडलं.

"आत बारीक पिना असतात. किल्लीचे दाते प्रत्येक पिन हवी तेवढीच उचलतात, तेव्हाच कुलूप उघडतं. पिना कमी असल्या तर भलतीच किल्लीही चालून जाते. म्हणून वजन बघायचं नाही, पिना बघायच्या. आणि वरची कडी जाड, आखूड हवी. पहार घालायला फट राहता कामा नये."

"पण नव्या कुलपाची किल्ली आईला कशी मिळणार? तीही मालयानातल्या त्याच लोकांच्या हातून जाणार ना. त्यापेक्षा आकड्यांचं घेऊ."

"आकडा सांगशील कसा? तळावर फोन सगळ्यांसमोरच होतात." आजोबांनी उघडं कुलूप तिच्यापुढे धरलं. "बरं, कुलूप लावायला किल्ली लागते का?"

"नाही. दाबलं की लागतं." शाल्मलीने ते दाबून दाखवलं आणि म्हणाली, "म्हणजे आईनेच उघडं कुलूप पाठवायचं. किल्ली तिच्याकडेच राहू दे."

"शाबास. संगणकातले गुप्त निरोपही असेच जातात. उघडं कुलूप कोणालाही द्यावं, किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवावी."

फोनवर निरोप गेला आणि परतीच्या यानातून आईचं उघडं कुलूप आलं. लहानसं, जाड कडीचं. आईचा हात लागलेली इतक्या महिन्यांतली ही पहिलीच वस्तू. शाल्मलीने ते बराच वेळ गालाशी धरलं. तिला आईची फार आठवण येत होती.

"एकदा दाबलं की मलाही उघडता येणार नाही ना?"

"नाही. फक्त तिलाच."

तिने दात आत ठेवले आणि कुलूप दाबलं.

यान पोचलं त्या दिवशी आई पडद्यावर आली. दात तिच्या तळहातावर होते. ती ते बोटाने हळूच फिरवत होती.

"केवढे चिमुकले होते गं," ती म्हणाली. "आ कर बघू."

शाल्मलीने तोंड कॅमेऱ्याजवळ नेलं. हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड वर आली होती.

"हा आता पडत नाही, आई. हा कायमचा."

"आणि बाकीचे?"

"एक थोडा हलतोय."

आईने डोळे पुसले. "जीभ लावू नकोस त्याला," ती म्हणाली. "मी घरी यायला निघतेय."