मुहूर्ताच्या घाईत दाबलेलं बटण

"अहो… ओ निळी बॅग!"

टपरीवर चहा पीत बसलेल्या कुलदीपनं मान वळवली. समोरच्या कंपनीच्या गेटातून एक मुलगी ओढणी सावरत, येणाऱ्या टेम्पोला हातानंच थांबवत, सरळ त्याच्याकडे निघाली होती.

"कॉम्प्युटरवाले ना तुम्ही? बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर डोकावतोय."

"डोकावतोय खरा. पण मी शेजारच्या कंपनीतला प्रिंटर बघायला आलो होतो."

"झाला बघून?"

"झाला."

"मग चला. आमचा माणूस दसऱ्याला गावी गेलाय, फोन उचलत नाही. साडेअकराला गाडी सुटली पाहिजे आणि कॉम्प्युटर… तुम्ही चहा संपवा. नाही, नका संपवू. परत पाजते."

अर्धा ग्लास तसाच ठेवून तो तिच्यामागं निघाला. चाकणला कामाची घाई त्यानं रोज पाहिली होती. पण घाईतही समोरच्याच्या चहाची काळजी करणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

इंद्रायणी तिथं डिस्पॅचला होती. कंपनी छोटी. गाड्यांसाठी लोखंडी ब्रॅकेट बनवायची. बिलं आणि खोक्यांवरची लेबलं एकाच कॉम्प्युटरमधून निघायची, आणि त्याशिवाय माल गेटाबाहेर पडत नसे. आज सकाळी तिनं कॉम्प्युटर लावला. पासवर्डची चौकट आली… आणि तिथंच सगळं थांबलं. माऊस हलेना, कीबोर्डवर काहीही दाबा, उमटेना.

का, ते तिला ठाऊक होतं. निदान संशय तरी होता.

परवा खंडेनवमी होती. सगळी मशीनं बंद करून, पुसून, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. वर्षभर कधी बंद न होणारा कॉम्प्युटरही बंद करायचा होता. तिनं केलाही, पण पडद्यावर गोल फिरत राहिलं – अपडेट चालू आहे, बंद करू नका. बाहेरून मालकांची, लक्ष्मणरावांची हाक, "अरे, मुहूर्त टळतोय! एवढा एकच राहिलाय!" …आणि तिनं भिंतीवरचं बटण दाबून टाकलं होतं.

आता लक्ष्मणराव टेबलाशी उभे राहून दत्तोबांना झाडत होते. दत्तोबा म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने कामगार. साठी उलटली तरी मालकांनी ठेवून घेतलेले.

"सांगितलं होतं ना, कॉम्प्युटरवर नारळाचं पाणी उडवायचं नाही?"

"न्हाई वो मालक. म्या नुसती माळ घातली."

"मग काय माळेनं बिघडला? तुझं वय झालं आता. दिवाळीपासून घरीच बस."

दत्तोबांनी टोपी काढून हातात घेतली. खरं सांगायला इंद्रायणी एक पाऊल पुढं आली, आणि तिथंच थांबली. एक तारखेला तिला कायम करायचं पत्र निघणार होतं. काळेवाडीतल्या दोन खोल्यांचं भाडं, वडिलांची औषधं… मी केलं म्हणावं, तर ते पत्र गेलंच म्हणून समजा.

"जरा बाजूला होता का?" कुलदीप टेबलाखाली शिरला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. सुरुवातीला कीबोर्डचा हिरवा दिवा लागला. कॉम्प्युटर पासवर्डच्या चौकटीशी आला तसा दिवा विझला. त्यानं वायरी मागच्या बाजूला लावून पाहिल्या, बॅगेतला दुसरा माऊस जोडला. तेच.

"पाण्याचं काम नाही हे," तो टेबलाखालूनच म्हणाला. "कीबोर्ड धडधाकट आहे. दारापर्यंत बोलतो, आत गेलं की मुका होतो."

"असं कसं?"

"होतं. माझंही होतं." त्यानं डोकं बाहेर काढलं. केसांत झेंडूची पाकळी अडकली होती. "नाव काय म्हणालात?"

"म्हणालेच नाही. इंद्रायणी."

"नदी की तांदूळ?"

"सव्वाअकरा," ती म्हणाली. पण ओठांचा कोपरा हलला, आणि त्यानं तो पाहिला.

"गोल पिनेचा जुना कीबोर्ड लागेल. मशीन जुनं आहे, मागं गोल जागा आहे. तो यूएसबीच्या भानगडीत पडत नाही, थेट चालतो. पण तसले कीबोर्ड आता भंगारातच…"

"हाय की!" दत्तोबा एकदम म्हणाले. "पूजंतच हाय."

पूजेच्या पाटावर नट आवळायचे पाने, हातोड्या, जुनी मोजपट्टी – आणि त्यांच्या रांगेत पिवळा पडलेला एक कीबोर्ड, कुंकवाचं बोट लावलेला.

"भंगारात चालला व्हता. ज्यानं धा वर्सं काम केलं, त्याला एक दिस तरी हळदकुकू नको व्हय?"

कुलदीपनं तो दोन्ही हातांनी घेतला. कॉम्प्युटर बंद केला, पिन बसवली, पुन्हा लावला. पासवर्डची चौकट आली. हिरवा दिवा… विझला नाही.

"टाका पासवर्ड," असं म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. इतकं इमानदारीनं, की तिला हसू आलं.

आत गेल्यावरही माऊस चालत नव्हताच. नुसत्या बाणांच्या बटणांनी एकेक पायरी उतरत त्यानं यूएसबीचे बिघडलेले ड्रायव्हर, म्हणजे माऊस-कीबोर्ड चालवणारे प्रोग्रॅम, काढून टाकले आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. नवे ड्रायव्हर आपोआप बसले. माऊसच्या पोटातला लाल दिवा लागला. पडद्यावरचा बाण थरथरला… आणि धावला.

इंद्रायणीचा जीव भांड्यात पडला. तिनं धडाधड बिलं काढली, लेबलं काढली. अकरा अठ्ठावीसला गाडी गेटाबाहेर पडली, तेव्हा दत्तोबांनी पाठमोऱ्या गाडीला दोन्ही हात जोडले.

"पण झालं कशानं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

पडद्यावर नोंद स्पष्ट होती. परवा, दहा बेचाळीस, अपडेट चालू असताना वीज तोडली. कुलदीपनं ती वाचली, मग इंद्रायणीचा चेहरा वाचला, आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली. "लाइट गेली असेल, साहेब. चाकणला काय…"

"लाइट नव्हती गेली. परवा बटणं दत्तोबाच बंद करत फिरत होता. म्हणजे शेवटी हाच!"

सुटका समोर उभी होती. नुसतं गप्प राहायचं होतं.

"मी बंद केला, काका," इंद्रायणी म्हणाली. "पडद्यावर बंद करू नका लिहिलेलं होतं, तरी केला. सकाळीच सांगायला हवं होतं. पत्राच्या भीतीनं नाही बोलले. दत्तोबांना नका काही म्हणू."

लक्ष्मणराव तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. "आणि मुहूर्त टळतोय म्हणून बोंबलत कोण होतं?"

लक्ष्मणरावांनी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं.

"मीच ना? मग काय आता मला काढणार?" त्यांनी दत्तोबांच्या हातातली टोपी घेऊन त्यांच्याच डोक्यावर ठेवली. "घरी नको, इथंच बस रे. चहा सांग सगळ्यांना. आणि इंद्रायणी, माऊस चालतोय ना आता? मग ते तुझं पत्र तूच टाइप करून आण. सही करतो."

तिला रडू आलं. बाहेर जाऊन ती नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली.

पुढं लक्ष्मणरावांनी कंपनीच्या कॉम्प्युटरांचं काम कुलदीपलाच दिलं. भोसरीहून तो दर शनिवारी यायचा. काम अर्ध्या तासाचं, चहा पाऊण तासाचा. दिवाळीत तिनं चकल्यांचा डबा दिला; डबा परत आला तो त्याच्या आईनं भरलेल्या तिळाच्या वड्या घेऊन. मोकळा डबा परत करू नये म्हणतात, म्हणून तिनंही पुन्हा भरला… असा तो डबा दोघांपैकी कुणाकडेच राहीना.

तुळशीचं लग्न झालं आणि एका शनिवारी तो नेहमीसारखा बोलेना.

"काय झालं?" गेटाशी तिनं विचारलं.

"आईनं स्थळं बघायला घेतलीत. रोज एक कागद येतो. उंची, पगार, पत्रिका…" तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. "मुलगी खरं बोलते का, हे कुठल्याच कागदावर नसतं. आणि मी तर ते माझ्या डोळ्यांनी पाहून बसलोय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आणि तुमच्या कागदावर काय? प्रसंगी लाइट गेली म्हणतो?"

"एकदाच म्हटलं. तुम्हाला वाचवायला."

"मला वाचवायचं असेल तर आधी विचारायचं."

"मग… विचारतोय."

गेटावरून एक बस धुरळा उडवत गेली. तिनं ओढणीनं तोंडावरची धूळ पुसली.

"उद्या घरी या. पोहे खायला. पण कशासाठी आलात, ते आईबाबांना खरं खरं सांगायचं."

"खरं?" तो घोटाळला. "खरंच सांगायचं तर… एकटा कसा येऊ? आईला घेऊनच यावं लागेल."

इंद्रायणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तिसरा मजला आहे," ती हळूच म्हणाली. "लिफ्ट नाही. आईंना चालेल ना?"