ताटावरचं नाव

मी गंगापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच दम देतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावासोबत घडलंय, आणि त्यातलं शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

गोष्ट गेल्या फेब्रुवारीतली. जागा छत्रपती संभाजीनगरची, बीड बायपासपलीकडची देवळाई. आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची. सव्वा एकची.

शिवराज, हा माझा मावसभाऊ, मूळचा कन्नड गावचा. आई-वडील दोघंही गेलेले. शेंद्र्याच्या एका कंपनीत कायमची रात्रपाळी. सकाळी खोलीवर येऊन झोपायचा, बारा वाजता उठायचा. इमारत नवी, अर्धी रिकामी. त्याच्या मजल्यावर तो एकटाच. कंपनीत तीन नंबरच्या लाइनवर उभा असायचा म्हणून सगळे त्याला 'लाइन तीन' म्हणायचे. आठ-आठ दिवस त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. मी भाऊ असून सणावारालाच फोन करायचो. हे कबूल करतो.

स्वयंपाकाच्या नावानं तर बोंबच होती. बायपासवरच्या हॉटेलांत लाल रश्श्यातलं पनीर, ते चावून चावून जबडा दुखायचा. घरपोच मागवावं तर आणणारा विचारायचा, "भाऊ, तुमची बिल्डिंग नकाशात दिसंना, नक्की कुठं राहता?" तोवर जेवण गार. घराजवळ, पायी जाता येईल अशी एक बरी खानावळ. एवढंच त्याला हवं होतं.

ती त्याला सापडली.

इमारतीच्या मागं प्लॉटिंग पडलेलं आहे. तिथं दोन बाभळींच्या पलीकडे एक पत्र्याची शेड. दारावर खडूनं लिहिलेलं, 'घरगुती जेवण'.

आत जमिनीवर पट्ट्या अंथरलेल्या. सात-आठ माणसं मांडी घालून बसलेली. एक म्हातारा, एक हिरव्या बांगड्यांची तरणी बाई, एक खाकी कपड्यांतला कंडक्टर. साठीची एक बाई वाढत होती. तिला सगळे साळूबाई म्हणत.

येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पहिल्याच घासाला शिवराजच्या डोळ्यांत पाणी आलं. आमटी लई तिखट आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. आई गेल्यापासून असं जेवण त्याच्या पुढ्यात आलंच नव्हतं.

तो रोज सव्वा एकला जाऊ लागला.

काही गोष्टी त्याच्या नजरेला आल्या. पण पोट भरलं की माणूस फार विचार करत नाही.

म्हणजे, भाकरी ऊन-ऊन असायची, पण भाकरी थापल्याचा आवाज कधी यायचा नाही...

आत आठ माणसं असायची. दाराबाहेर चपला मात्र एकाच माणसाच्या... त्याच्या.

आणि ती माणसं जेवत असायची, पण त्यांची ताटं रिकामी झालेली त्यानं कधी पाहिलीच नाहीत.

त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. साळूबाई प्रत्येकाला नावानं हाक मारायची. "कचरू, ये, वाढलंय." "भागूबाई, ये गं, वाढलंय." प्रत्येकाचं ताट ठरलेलं. स्टीलचं, काठावर नाव, गाव आणि तारीख कोरलेली. मधलं सगळं भाकरीखाली झाकलेलं. त्यात त्याला नवल वाटलं नाही. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नावं असतातच, त्याच्या आईची अख्खी मांडणी तशीच होती.

शिवराजला मात्र पत्रावळ. आणि हाक नाही. नुसतं, "तुमाला काय वाढू?"

त्याला वाईट वाटायचं. हसण्यासारखं आहे, पण एवढ्या मोठ्या माणसाला त्या ताटांचा हेवा वाटायचा. एके दिवशी त्यानं विचारलंच, "मावशी, मला ताट नाही का?"

साळूबाईचा हात थांबला.

"तुमचं अजून आलं नाय ना," ती म्हणाली.

"मी आणू?"

जेवणारे सगळे... एकदम थांबले. सगळ्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मी कुनाला आन म्हनत नाय," साळूबाई हळू म्हणाली. "सोताहून आनलं तर ठिवून घेईन."

सुट्टीच्या दिवशी तो शहरातल्या शहागंज बाजारात गेला. जहांगीरचाचा तिथं भांड्यांवर नावं कोरतात. शिवराजनं नवं ताट पुढं केलं. नाव, गाव आणि आजची तारीख, जसं इतरांच्या ताटांवर होतं तसं.

"किसके वास्ते है बेटा? शादी का तोहफा?"

"माझ्यासाठीच, चाचा."

चाचांनी कोरायचं मशीन बंद केलं. "अपने नाम की थाली कोई खुद नहीं बनवाता. वो तो दूसरे देते हैं."

"मला देणारं कुणी नाही, चाचा."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कोरून दिलं.

दुसऱ्या दिवशी शिवराजनं ताट साळूबाईच्या हातात ठेवलं. तिनं पदरानं पुसलं आणि हाक मारली...

"शिवराज, ये. वाढलंय."

त्यानं मला नंतर सांगितलं, "दादा, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आई गेल्यावर पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्याची झोप लवकर मोडली. तो साडेबारालाच पोचला.

शेडमध्ये कुणीच नव्हतं. चूल नव्हती. राखसुद्धा नव्हती. फक्त भिंतीला टेकवून ताटं उभी केलेली, धुतलेली, रिकामी. पहिल्यांदाच त्याला ताटांचा मधला भाग दिसला.

'कै. कचरू... यांच्या स्मरणार्थ.'

'कै. भागूबाई... यांच्या स्मरणार्थ.'

तेराव्याला आप्तांना वाटतात ना, तशी ताटं. काठावरच्या तारखा लग्नाच्या नव्हत्याच. एकोणीसशे शहाण्णव. दोन हजार नऊ. दोन हजार एकवीस.

शेवटचं ताट त्याचं. काठावर त्यानंच कोरून घेतलेलं नाव, गाव आणि तारीख...

आणि मध्ये, जिथं त्यानं काहीच कोरायला सांगितलं नव्हतं, तिथं एक ओळ. 'यांच्या स्मरणार्थ.' अक्षरांत स्टीलचा कीस अजून अडकलेला होता.

मागून आवाज आला. "आज लवकर आलास, बाळा."

"माझं ताट द्या," तो म्हणाला.

"दिलेलं ताट माघारी मागत नसतात रं." ती रागावली नव्हती. तिला त्याची कीव येत होती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

तो पळाला. अनवाणी.

संध्याकाळी तो इमारतीशेजारी राहणाऱ्या रत्नमालाताईंना घेऊन तिथं गेला. चार खांब, गंजलेले पत्रे, गुडघाभर गवत. ताटं नाहीत. दाराशी त्याच्या चपला तेवढ्या.

"इथं कसली खानावळ?" ताई म्हणाल्या. "आमी चार वर्षं झाली राहतोय, हे असंच आहे. तुमी रोज दुपारी इथं येऊन बसता ते गच्चीवरून दिसायचं मला. म्हटलं, असंल बिचाऱ्याला डबा खायला जागा नाय."

"मी एकटाच असायचो?"

"व्हय. एकटेच. पण हसून बोलायचात कुणाशी तरी..."

त्यानंतर त्यानं मला फोन केला. मी त्याला गंगापूरला घेऊन आलो. पहिल्या दुपारी आम्ही जेवायला बसलो. बायकोनं त्याला वाढलं, तो घास उचलणार, एवढ्यात त्यानं मान वळवली.

"आलो," तो म्हणाला.

आम्ही कुणी काही बोललो नव्हतो. घड्याळात सव्वा एक झाला होता. त्यानं हातातला घास तसाच खाली ठेवला. पोट भरलंय म्हणाला.

हे रोज व्हायचं. पंधरा दिवसांत त्याचे गाल बसले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी एकदा चिडून विचारलं, "ती हाक ऐकू आल्यावर तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "पण एखाद्या दिवशी आलीच नाही तर, याची जास्त वाटते."

रजा संपली तसा तो परत देवळाईला गेला. नोकरी सोडून चालणार नव्हतं. मी एक ठरवलं. रोज एक वाजता फोन करायचा, आणि दीडपर्यंत बोलत राहायचं. तिच्या आधी मी त्याला नावानं हाक मारायची. महिनाभर हे नीट चाललं. तो भाकरी खायला लागला होता.

काल शाळेत तपासणी होती. साहेब समोर बसलेले, फोन टेबलाच्या खणात.

मी बाहेर आलो तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

फोन बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला. मागं स्टीलच्या ताटांचा आवाज येत होता. बरीच माणसं एकत्र जेवायला बसल्यासारखा...

"शिवराज," मी म्हणालो, "कुठं आहेस तू?"

"जेवतोय, दादा. नंतर बोलू?"

इतक्या वर्षांत मी त्याला इतकं आनंदात कधी ऐकलं नव्हतं.