साडेतीनचा थेंब

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच कबूल करते. दुधावरची साय कमी दिसली तरी माझी नजर घरभर फिरते. तेव्हा पुढचं ऐकताना हवं तर निम्मं सोडून द्या. पण त्या दुपारी जे झालं ते माझ्या नणंदेनेही पाहिलंय, आणि आमचं दोघींचं एरवी कशावरच एकमत होत नाही.

सासूबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या आणि रोपाची काडी डोळ्याला लागली. साधंच खरचटलं. पण दुसरा डोळा काचबिंदूने केव्हाच गेलेला, जपायला हा एकच. वन्सं तेव्हा मुक्कामाला होत्या. आईंच्याच मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली त्यांनी कपाटातून काढली आणि तेच थेंब दोन दिवस घातले. लाली गेली. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चिडल्याच. "बुरशी झालीय. तुमच्या त्या औषधाने तिला खतपाणी मिळालं. या वयात जखम लवकर भरत नाही. आता दर तासाला हे थेंब, एकही चुकवायचा नाही. ठिपका आत गेला तर डोळा गेला म्हणून समजा."

आम्ही पाळ्या लावल्या. एक तास माझा, पुढचा वन्संचा. आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं, पण इलाज नव्हता. आईंना उजेड सोसत नसे, म्हणून भर दुपारीही खोलीचे पडदे ओढलेले असत. आत औषधाचा आणि ओल्या अभ्र्याचा वास. घड्याळाची टिकटिक नि ठोके तेवढे ऐकू यायचे.

दुसऱ्या दिवशी चारला मी बाटली घेऊन गेले, तर आई म्हणाल्या, "आत्ताच तर घातलंस."

"नाही हो आई, मी आत्ता येतेय."

"मग मघाशी साडेतीनच्या ठोक्याला कोण होतं? बोट गार होतं गं. बोललीही नाहीस काही..."

मी बाटली उजेडात धरून पाहिली. औषध जितकं हवं तितकंच होतं. म्हणजे थेंब दुसऱ्याच बाटलीतला. मी तडक वन्संची बॅग उघडली.

"काय शोधताय, वहिनी?" त्या दारातच उभ्या होत्या.

"ती जुनी बाटली. साडेतीनला मधेच जाऊन कोण घालतंय?"

"मी नाही. तुम्हीच घालत असाल. आईचा डोळा गेला की खापर फोडायला मी आहेच."

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हटलं.

त्यावर त्या भांडल्या नाहीत. मटकन खाली बसल्या. "वहिनी, माझ्याच हाताने तिचा डोळा चाललाय. तोच हात मी पुन्हा लावीन का हो?"

मला लाज वाटली. संशय मात्र गेला नाही.

शेवटी असं ठरलं की दुसऱ्या दिवशी दोघींनी खोलीतच बसायचं, एकमेकींसमोर, हात मांडीवर ठेवून. तीनला वन्संनी थेंब घातला. मग आम्ही दोघी एकमेकींच्या हातांवर नजर ठेवून बसून राहिलो. साडेतीनच्या सुमारास वर्षानुवर्षं न उघडलेली पेटी उघडल्यासारखा वास आला. आईंनी आपणहून मान मागे टाकली, हनुवटी वर केली. आम्ही थेंब घालायला गेलो की करायच्या, अगदी तशीच.

डोळ्याखालच्या कातडीवर एक खळी पडली. बोट दाबल्यावर पडते ना, तशी. खालची पापणी हळूहळू ओढली गेली, आतलं लाल दिसलं... आणि डोळ्यात थेंब पडला. कुठून पडला ते दिसलं नाही.

"हळू..." आई पुटपुटल्या.

वन्संनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली.

दुसऱ्या दिवशी तपासणीत ठिपका निम्मा झालेला निघाला. बाहेर येताच वन्सं म्हणाल्या, "सांगूया का त्यांना?" आणि मीच म्हटलं, "कशाला? डोळा वाचतोय ना? मग कोण का असेना." त्यानंतर रोज साडेतीनच्या ठोक्याला आम्ही दोघी खोलीबाहेर जात असू. दार मीच ओढून घेत असे.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "व्रणसुद्धा नाही?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बुबुळावर पांढरं फूल तरी राहायला हवं होतं..." आणि औषध बंद केलं.

घरी येऊन मी पडदे बाजूला सारले. वन्सं आईंसमोर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई, मी दिसते?"

आईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "स्पष्ट दिसताय. कोण तुम्ही?"

वन्सं हसल्या, त्यांना थट्टाच वाटली. आईंनी डोळा मिटला आणि चाचपडत त्यांचा हात धरला. "लेक आहेस तू माझी. आवाज तोच, हात तोच." मग डोळा उघडला आणि हात झटकन सोडला. "पण हा चेहरा... सूनबाई, तुझाही. या डोळ्याला तुम्ही दोघी ओळखूच येत नाही गं."

मी पुढे वाकले. "मग ओळखीचं... कुणीच दिसत नाही?"

आईंनी माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

"दिसतेय ना," त्या म्हणाल्या, आणि पलंगावर थोडं सरकून त्यांनी शेजारी एका माणसापुरती जागा केली.